अ‍ॅडमिन पॅनलला सिक्युरिटी की लावताना कोडपेक्षा रिकव्हरीकडे जास्त बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नाशिकला पंचवटीत लॉज आहे, बुकिंगची साइट पुतण्याने पीएचपीत लिहिलीये, अ‍ॅडमिन पॅनलला पासवर्ड आणि एसएमएसचा ओटीपी आहे, आणि २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यातल्या पर्वण्यांच्या (मुख्य स्नानांच्या) आधी यूएसबीवाली सिक्युरिटी की, म्हणजे लॉगिनच्या वेळी पीसीला लावून बटण दाबायची छोटी चावी, लावायचीये, तर ते जमेल का आणि खर्च वाया तर जाणार नाही ना. जमेल, आणि वाया अजिबात जाणार नाही. तुमच्या पॅनलमध्ये यात्रेकरूंच्या आधारचे फोटो पडलेत, सिंहस्थात खोल्यांसाठी झुंबड उडते तेव्हा फसवणारेही जोरात असतात, त्यामुळे आत्ता हातात घेताय हे फार बरं केलंत.

ओटीपीत गोची अशी की तो माणूस वाचून टाइप करतो, म्हणजे तो चुकीच्या पानावरही टाइप होतो. रात्री काउंटरवरच्या पोराला मेसेज येतो की तुमचं बुकिंग खातं बंद होणार आहे, लगेच लॉगिन करा, पान हुबेहूब आपलंच दिसतं, तो पासवर्ड टाकतो, ओटीपी टाकतो, आणि समोरचा त्याच मिनिटाला दोन्ही खऱ्या साइटवर वापरून आत जातो. चावीच्या बाबतीत कुठल्या डोमेनसाठी (साइटच्या पत्त्यासाठी) डिजिटल सही करायची हे ब्राउझर ठरवतो, माणसाला विचारतच नाही, त्यामुळे खोट्या डोमेनवर ते पोरगं कितीही वेळा बटण दाबू दे, तुमच्या साइटला चालेल अशी सही निघतच नाही. जुलै २०२२ मध्ये क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीच्या लोकांवर असाच हल्ला झाला होता, तिघांनी पासवर्ड देऊनही टाकले, पण सगळ्यांना हार्डवेअर की सक्तीची होती म्हणून आत कुणाला शिरता आलं नाही.

कोडचं म्हणाल तर वेबऑथन वापरा, म्हणजे ब्राउझरमधून चावीने लॉगिन करायची पद्धत, २०१९ पासून ते डब्ल्यूथ्रीसीचं (वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेचं) स्टँडर्ड आहे. यूटूएफची, म्हणजे त्याआधीच्या पद्धतीची, जुनी ट्युटोरियल्स सापडतील त्यांच्या नादी लागू नका, क्रोमने ते एपीआय २०२२ मध्येच बंद केलं. सही तपासायचा कोड पुतण्याला स्वतः लिहू देऊ नका, पीएचपीसाठी तयार लायब्ररी आहेत त्यातली एक घ्या. चॅलेंज, म्हणजे चावीने सही करायचा दर वेळचा नवा कोड, सर्व्हरवर रँडम बनवा, सेशनमध्ये (सर्व्हरने त्या लॉगिनपुरत्या ठेवलेल्या नोंदीत) ठेवा, एकदा वापरलं की उडवा. चाव्यांसाठी वेगळं टेबल करा, युजरच्या टेबलात एक कॉलम वाढवून भागवू नका, कारण एका माणसाच्या दोन चाव्या असणारच आहेत. आणि आरपी आयडी, म्हणजे चावी कुठल्या डोमेनसाठी आहे ते, टाकताना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू न लावता साधं डोमेन टाका, नाहीतर उद्या पॅनल वेगळ्या सबडोमेनवर हलवलं की सगळ्या चाव्या परत नोंदवत बसावं लागेल. टेस्टिंग लोकलहोस्टवर, म्हणजे पुतण्याच्या स्वतःच्या पीसीवर, होतं, लाइव्हला मात्र एचटीटीपीएस लागतंच. पासवर्ड तुम्ही आधीच विचारताय, तर युजर व्हेरिफिकेशन 'डिस्करेज्ड' ठेवा म्हणजे चावीचा पिन सहसा मागणार नाही.

आता जिथे बहुतेकांचं फसतं ते. पासवर्ड बरोबर आला की जुना कोड सेशनमध्ये युजर आयडी टाकून मोकळा होतो, आणि चावीचं पान त्याच्यानंतर येतं. डॅशबोर्ड चावी मागतो, पण बुकिंगची एक्सेल काढणारी जी जुनी फाइल आहे ती फक्त युजर आयडी आहे का एवढंच बघते, म्हणजे पासवर्ड माहीत असलेला माणूस चावीचं पान तसंच सोडून थेट त्या फाइलची यूआरएल टाकतो आणि सगळी यादी उतरवून घेतो. म्हणून पासवर्डनंतर फक्त 'अर्धवट लॉगिन' अशी नोंद ठेवा, खरा युजर आयडी चावी तपासल्यावरच सेशनमध्ये टाका, त्याच वेळी सेशन आयडी बदला, आणि अ‍ॅडमिनची एकूण एक फाइल, अजॅक्सवाल्या (पान न बदलता मागून डेटा आणणाऱ्या) धरून, एकाच चेकमधून जाऊ द्या.

रिकव्हरीचं तर आधी ठरवा आणि मग कोडला हात लावा. 'चावी जवळ नाही? ओटीपी पाठवा' असं बटण ठेवलंत तर पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, चोर तेच बटण दाबणार. त्यापेक्षा पहिल्या दिवसापासून माणशी दोन चाव्या नोंदवा, एक खिशात, दुसरी घरच्या कपाटात, काउंटरच्या ड्रॉवरमध्ये नको. शिवाय एकदाच चालणारे रिकव्हरी कोड छापून मालकाच्या लॉकरमध्ये, डेटाबेसमध्ये त्यांचा फक्त हॅश, म्हणजे ज्यावरून मूळ कोड काढता येत नाही असं रूप. पासवर्ड विसरल्याची ईमेल लिंक वापरली तरी चावी मागितलीच पाहिजे. नवीन चावी जोडताना किंवा जुनी काढताना आधीची चावी परत लावायला सांगा.

काउंटरवर तिघं जण एकच 'अ‍ॅडमिन' खातं वापरत असतील, बहुतेक लॉजवर तसंच असतं, तर ते आधी मोडा. प्रत्येकाचं वेगळं खातं, आणि रिसेप्शनवाल्याला आधारचे फोटो डाउनलोड करायची परवानगी कशाला लागते हेही एकदा विचारा.

चावी काय करत नाही तेही सांगतो. काउंटरच्या पीसीत व्हायरस असेल तर लॉगिन झालेलं सेशनच चोरीला जातं, तिथे चावी काही करू शकत नाही, म्हणून सेशन छोटं ठेवा आणि पाहुण्यांना बोर्डिंग पास छापायला तो पीसी देऊ नका. होस्टिंगचं कंट्रोल पॅनल, डोमेनचं खातं आणि ज्या ईमेलवर हे सगळं आहे तो ईमेल, तिथेही जमेल तिथे चावीच लावा, कारण होस्टिंगमध्ये शिरलेला माणूस डेटाबेसमधली तुमच्या चावीची ओळ पुसून स्वतःची टाकू शकतो.

महागडं मॉडेल नको, साधी फिडो टू (वेबऑथनला लागणारं चावीचं स्टँडर्ड) चालणारी घ्या, फक्त काउंटरच्या पीसीला यूएसबी ए आहे का सी ते बघून. आधी तुम्ही आणि पुतण्या आठवडाभर वापरा, दुसऱ्या चावीने आणि रिकव्हरी कोडने खरंच आत जाता येतं का ते करून बघा, मगच स्टाफला सक्ती करा. त्या एक्सेलवाल्या फाइलचा चेक लिहून झाला की इथे टाका, मी बघून सांगतो.