पायबंद, सुवर्णकमळ की बांधलेली पावलं?

एका अनुवादिकेने विचारलंय: चिनी कुटुंबातल्या आठवणी मराठीत आणताना आजीच्या पायांचा विषय निघाला. मुलींची पावलं लहानपणीच करकचून बांधून आखूड ठेवायची जी प्रथा होती, तिला 'पायबंद' म्हणावं का? आणि मूळ मजकुरात मधेच 'सोन्याचं कमळ' येतं, ते तसंच ठेवायचं का?

'पायबंद' नको. हा फारसीतून आलेला शब्द, घोड्याच्या पायाला बांधायच्या दोरीचा. आता तो 'घालणे'शिवाय फारसा भेटत नाही. साथीला पायबंद, गैरव्यवहाराला पायबंद, म्हणजे वाईट गोष्ट आवरणं. १९१२ साली चीनच्या नव्या प्रजासत्ताकाने या प्रथेवर बंदी आणली, एवढं एक वाक्य लिहून बघा, लगेच 'पायबंदाला पायबंद' होईल. शिवाय दोरी सोडली की घोडा मोकळा होतो. इथे तसं होत नाही, आणि माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

'पाय बांधणे' बरंच जवळचं. पण मराठीत पाय मांडीपासून बोटांपर्यंत असतो, त्यामुळे दोन्ही पाय एकत्र बांधल्याचं चित्र उभं राहतं. चिनीत पावलाला 'च्याओ' आणि वरच्या भागाला 'थुई' असे शब्द वेगळे आहेत. रोजच्या बोलण्यातला शब्द 'क्वो-च्याओ'. 'क्वो' म्हणजे गुंडाळणं, लपेटणं. म्हणून मी 'पावलं बांधणं' म्हणेन. प्रत्यक्षात व्हायचंही तेच. मुलगी चार-पाच वर्षांची, कधी आणखी मोठी. पावलं कोमट पाण्यात भिजवायची, अंगठा सोडून बाकीची चार बोटं तळव्याखाली दुमडायची, वरून कापडाची लांब पट्टी आवळत न्यायची. टाच आणि चवडा एकमेकांकडे ओढले जाऊन मधली कमान मोडायची. पट्टी काही दिवसांनी सोडायची आणि पुन्हा घट्ट बांधायची, असं वर्षानुवर्षं. हे करणारी बहुतेकदा सख्खी आई. 'पादबंधन' हा शब्द लेखाच्या मथळ्यात चालेल, पण 'आईने माझी पावलं बांधली' हे वाक्य त्याच्याने लिहिता येणार नाही.

आता कमळ. 'तीन त्सुन सोनेरी कमळ' हा बांधून लहान ठेवलेल्या पावलांसाठीचा पूर्ण शब्दप्रयोग. त्सुन हे लांबीचं चिनी माप. तीन त्सुन म्हणजे जेमतेम दहा सेंटिमीटर. चार त्सुनपर्यंतची पावलं रुपेरी कमळ, त्याहून मोठी लोखंडी. कमळ मात्र या प्रथेहून जुनं आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण छी घराण्याचा सम्राट श्याओ पाओच्युआन याने जमिनीवर सोन्याची कमळं बसवली, त्यांवरून आपल्या आवडत्या पान या राणीला चालवलं आणि 'पावलापावलाला कमळ उमलतं' असं म्हटलं, अशी कथा आहे. तिची पावलं बांधलेली नव्हती. या कल्पनेचा धागा मागे भारतातल्या बौद्ध कथेपर्यंत जातो. हरिणीच्या पोटी जन्मलेली ऋषिकन्या जिथे पाऊल ठेवी तिथे कमळ उमटे. ह्युएनत्संगाने ही कथा वैशालीच्या वर्णनात दिली आहे. पावलं बांधण्याची सुरुवात परंपरेने दहाव्या शतकात, दक्षिण तांग दरबारातल्या याओन्यांग या नर्तकीपासून मानतात.

तेव्हा सोन्याचं कमळ ठेवा, पण बोलणारं कोण ते पाहून. तो कवींचा आणि लग्न जुळवणाऱ्यांचा शब्द. मराठी वाचकाला त्यातून पटकन 'चरणकमल' ऐकू येईल आणि भक्तिभाव जागा होईल, जो तिथे मुळीच नाही. जिची पावलं बांधली गेली तिच्या बाजूची म्हण वेगळी आहे: लहान पावलांची एक जोडी, आसवांचा एक रांजण. मूळ चिनी शब्द 'कांग' हा मातीच्या मोठ्या भांड्याचा, त्यामुळे 'रांजण' अगदी चपखल बसतो.

घरच्या आठवणींत आणखी एक शब्द येतो, 'फांग-च्याओ', पावलं सोडणं. बंदीनंतर अनेकींनी पट्ट्या काढल्या. पण मोडलेली कमान सरळ होत नाही, दुमडलेली बोटं उलगडत नाहीत. आधाराविना चालणं आणखी दुखायचं, म्हणून कित्येकींनी पुन्हा बांधून घेतली. अशा पावलांना 'मुक्त पावलं' म्हणणं मला खोटं वाटतं. 'सोडलेली पावलं' म्हणा. न बांधलेल्या पावलांना चिनीत 'नैसर्गिक पाऊल' म्हणत. हाक्का या चिनी समाजात पावलं बांधत नसत, मांचू स्त्रियाही नाहीत. त्यामुळे कोलकात्याच्या टांगरातल्या हाक्का कुटुंबाची आठवण असेल तर आधी नीट विचारून घ्या.

आणि या आजीला केवळ शोभेची बाहुली करू नका. लॉरेल बॉसन आणि हिल गेट्स या मानववंशशास्त्रज्ञांनी खेड्यांतल्या १,८०० हून अधिक वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. पावलं बांधलेल्या मुली तासन् तास बसून सूत कातायच्या, कापड विणायच्या, घराला त्यांची कमाई हवी असायची. गिरणीचं कापड आलं तशी प्रथाही मागे पडत गेली, असं त्यांचं म्हणणं. मजकुरात चरखा किंवा माग आला तर तो गाळू नका.

शेवटचं, पट्टीबद्दल. कंटाळवाण्या लांबलचक भाषणाला चिनीत 'आळशी बाईच्या पायाची पट्टी, लांब आणि दुर्गंधीची' म्हणतात. १९४२ मध्ये माओनेही पक्षातल्या पाल्हाळिक लिखाणाला ही उपमा दिली. तिथे 'मारुतीचं शेपूट' लिहायचा मोह होईल. नका लिहू. त्याने लांबी तेवढी येते. ती पट्टी कुणीतरी रोज पायाला गुंडाळत होतं आणि धूत होतं, ते अनुवादातून पुसलं जाईल.