घागर पुढे धरली की कंबर बोलते

प्रश्न : ताई, माझी आई (वय 46) घरीच विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन दिवसाला हजार. उंची 152 सेंटिमीटर, वजन 72 किलो. दोन वर्षांपासून कंबर दुखते, हल्ली उठताना भिंत धरावी लागते. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि "वजन कमी करा" एवढंच सांगितलं. आई म्हणते, आधी वजन उतरू दे, मग चालायला जाईन. तिचं दुखणं वजनाचंच आहे का? एमआरआय करावा का?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : आईचं वाक्य आधी उलटं कर. चालणं आधी, वजनाचं नंतर बघू.

नळाला पाणी येतं त्या दिवशी घरात भरलेली घागर कशी उचलतात ते आठव. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे हे दृश्य तुला नवीन नाही. घागर कमरेवर टेकवली की गल्लीच्या टोकापर्यंत नेता येते. तीच हात लांब करून पुढे धरली, तर दहा पावलांत कंबर भरून येते. पाणी तेवढंच, फक्त ते अंगापासून लांब गेलं. सुटलेलं पोट म्हणजे अशी पुढे धरलेली घागर, आणि ती खाली ठेवायची सोय नाही. उभं राहिलं की तोल पुढे जातो, तो सावरायला माणूस कमरेतून मागे रेलतो, कमरेचा खळगा खोल होतो आणि मणक्यालगतचे स्नायू दिवसभर दोर ओढल्यासारखे ताणलेले राहतात. म्हणून मी वजनकाट्याइतकाच शिंप्याच्या टेपवर भरवसा ठेवते. बाईचा पोटाचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत हवा, पुरुषाचा 90 च्या. आईचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 31 येतो. आपल्याकडे 25 पासूनच लठ्ठपणा धरतात. शिवाय पोटावरची चरबी नुसती पडून राहत नाही, दाह वाढवणारी रसायनंही सोडते. तेव्हा दुखण्यात वजनाचा वाटा आहे.

पण वाटाच. विड्या वळणाऱ्या अगदी काटकुळ्या बायकाही कंबर धरून माझ्याकडे येतात. सूप मांडीवर घेऊन बसलं की उभं राहण्याच्या नेमकं उलटं घडतं: कमरेखालचं हाडांचं कडं मागे कलंडतं, खळगा सपाट होतो, पोक निघतं. आज आईला बाजूने बघ. पोट आड येत असेल तर सूप गुडघ्यांकडे सरकलेलं असेल, आणि पान गुंडाळताना ती त्यावर आणखी वाकत असेल. वाकणं वाईट नाही गं, पाठ वाकायलाच केलेली आहे. तासन्‌तास तशीच ठेवणं वाईट.

दुसऱ्या बाळंतपणानंतर माझं वजन 78 झालं होतं. कंबर दाखवायला गेले, तर मलाही हेच तीन शब्द ऐकवले. मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे हे सांगायचीही लाज वाटली. तीन आठवडे घरातून हलले नाही. कंबर आणखी आखडली, वजन वाढलं ते वेगळंच.

आता आईचं. घरात सोलापुरी चादर असेलच. तिची जाड घडी बुडाखाली, मांड्यांखाली नाही. गुडघे कमरेपेक्षा खाली गेले की पाठ आपसूक सरळ होते. पाठ भिंतीला लावून बसायचं, सुपाखाली उशी घेऊन ते वर आणायचं. पन्नास विड्या झाल्या की उठायचं. कमरेवर हात ठेवून हळू पाच-सहा वेळा मागे वाकायचं, मोरीपर्यंत जाऊन यायचं. हजाराचा हिशेब थोडा मागे पडेल, मला कळतं. एकदम जमणार नाही, शंभरावर सुरू करा. पट्टा दुखणं जोरात असेल त्या दोन-चार दिवसांपुरता. दिवसभर बांधून स्नायू आळशी करू नका.

चालणं दहा मिनिटांपासून, उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत. विड्या द्यायला कारखान्यात जाताना रिक्षा करत असाल, तर निदान येताना चालत या.

खाण्याचं थोडक्यात. कडक भाकरीला कुणी दोष देऊ नये. शेंगाचटणी सोडा असंही मी सांगणार नाही, मला याच गावात राहायचंय! पण 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात आणि आपण वर तेलाची धार सोडतो. चमचाभर घ्या, वाटीभर नको. साडेतीन-चार किलो उतरले तरी आईला उठता-बसता फरक जाणवावा.

एमआरआय आत्ता नको. काहीही दुखत नसलेल्यांच्या फोटोतही मणक्यांमधली गादी सरकलेली दिसते, आणि मग घरचे उगाच घाबरतात. मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पायातली ताकद कमी होत चालली, तर त्याच दिवशी सिव्हिल गाठायचं. ताप येत असेल, रात्री झोपेतही दुखत असेल किंवा काही न करता वजन उतरत असेल, तरीही लवकर दाखवा.

चादरीची घडी किती जाड लागली ते मला कळव. माझा अंदाज, एका चादरीत भागणार नाही.