पोर्तुगालच्या खालच्या डिव्हिजनमध्ये फुटबॉल डिफेंडरचं करिअर होतं का? त्यावर घर चालतं का?

तुम्ही विचारलंय की भाचा सतरा वर्षांचा आहे, म्हापशाला सेंटर बॅक (गोलसमोरचा मधला डिफेंडर) खेळतो, आजोबांच्या कागदांवर पोर्तुगीज पासपोर्ट होतोय, तर तिकडे जाऊन खालच्या डिव्हिजनमध्ये त्याचं काही होईल का.

घराचं आधी सांगून टाकतो. दुसऱ्या डिव्हिजनपर्यंत चालतं, तिसऱ्यात ओढूनताणून, आणि त्याच्या खाली बहुतेक जण दिवसा दुसरी नोकरी करतात आणि रात्री आठला प्रॅक्टिसला जातात. मी फुटबॉलवाला नाही हं, पोर्तोला सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ऑफिसमधल्या एका मित्राचा थोरला भाऊ सेंटर बॅक आहे, वय ३४, आत्तापर्यंत अकरा क्लब झाले आणि टॉप डिव्हिजनमध्ये एक मिनिटही नाही. त्याच्या नादाने मी रविवारी दुपारी तीनच्या मॅच बघायला लागलो आणि आता सवय सुटत नाही.

उतरंड पटकन सांगतो. वर प्रिमेरा लिगा, १८ टीम. खाली लिगा २, तिथेही १८. प्रोफेशनल लीग म्हणायच्या त्या या दोनच. मग फेडरेशनने २०२१ मध्ये सुरू केलेली लिगा ३, त्याखाली कँपिओनातो दे पोर्तुगाल, आणि तळाला जिल्ह्याजिल्ह्याच्या लीग. मोठ्या क्लबांच्या अकादमीतून जी पोरं दरवर्षी बाहेर पडतात ती बरीचशी याच खालच्या मजल्यांवर येऊन धडकतात, त्यामुळे गर्दी भयंकर.

त्यात डिफेंडरची वेगळीच गोची. स्ट्रायकरने पंधरा गोल मारले की आकडा बघून एजंट आपणहून फोन करतो. डिफेंडरने तीस मॅच नीट काढल्या तर कुणाच्या लक्षातही येत नाही आणि ८९ व्या मिनिटाला एकदा पाय घसरला की त्याचा व्हिडिओ गावभर. म्हणजे नाव व्हायला वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं क्लबच जगत नाहीत. मला विचाराल तर या लाइनमधली सगळ्यात मोठी भानगड हीच आहे.

पोर्तुगालच्या नॅशनल टीमपर्यंत पोचलेला सेंटर बॅक जुझे फोंत, त्याचं उदाहरण इथे जो तो देतो, पण त्याचे क्लब ओळीने लावून बघा, मी काय म्हणतोय ते कळेल. जन्म १९८३ चा, पेनाफिएलचा, पोर्तोपासून जवळच. लिस्बनच्या स्पोर्टिंग क्लबमध्ये वाढला, त्यांच्या बी टीममध्ये खेळला, २००४ मध्ये तिथून बाहेर. गेला सालगेइरुशकडे, तर तो क्लब पैशांच्या घोळात कोलमडला. मग फेल्गेइराश, चपला-बुटांच्या कारखान्यांचं गाव, तिथे दुसऱ्या डिव्हिजनमध्ये एक सीझन काढला आणि २००५ मध्ये तो क्लबही बंद पडला. मग सेतूबल (यांना २०२० मध्ये पैशांच्याच कारणावरून लायसन्स नाकारलं आणि एकदम दोन डिव्हिजन खाली टाकलं). तिथून जानेवारी २००६ मध्ये थेट बेन्फिका, देशातल्या सगळ्यात मोठ्या क्लबांपैकी एक! आपल्याकडे पेढे वाटले असते. पण बेन्फिकाने त्याला एकही ऑफिशियल मॅच दिली नाही, नुसतं लोनवर (म्हणजे दुसऱ्या क्लबांना उसना देत) फिरवलं, आधी पासुश दे फेरेरा, मग एश्त्रेला दा अमादोरा, ज्याचं पुढे काही वर्षांत दिवाळंच निघालं. २००७ मध्ये इंग्लंडला, क्रिस्टल पॅलेस, तेही दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. जानेवारी २०१० मध्ये तो पॅलेसमधून निघाला आणि त्याच महिन्यात पॅलेस कर्जापायी अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये गेलं, म्हणजे दिवाळखोरीच्या दारात, कारभार बाहेरच्या प्रशासकाच्या हाती. आणि हा गेला कुठे, तर साउदॅम्प्टनला, जे आदल्याच वर्षी तशाच संकटातून उठलेलं, तिसऱ्या डिव्हिजनमध्ये उणे दहा पॉइंटवरून सीझन सुरू केलेलं. तेव्हा फोंत २६ वर्षांचा.

तिथे मात्र गाडी रुळावर आली. क्लब २०११ ला एक डिव्हिजन वर, २०१२ ला आणखी एक, २०१४ मध्ये हा कॅप्टन. पोर्तुगालकडून पहिली मॅच नोव्हेंबर २०१४ मध्ये, ओल्ड ट्रॅफर्डवर अर्जेंटिनाशी, वय तीस. युरो २०१६ मध्ये, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत, ग्रुपच्या तिन्ही मॅच बेंचवर बसला, मग क्रोएशियाविरुद्ध उतरवला तो फायनलपर्यंत टीममध्ये राहिला. फायनलला शेजारी पेपे, जो ब्राझीलहून आल्यावर आधी मारितिमोच्या बी टीमकडून खेळलेला. आणि १०९ व्या मिनिटाला गोल मारणारा एडर, तोही तूरिझेन्स नावाच्या तिसऱ्या डिव्हिजनच्या क्लबातून वर आलेला. रोनाल्डो २५ व्या मिनिटाला लंगडत बाहेर गेला आणि कप या मंडळींनी आणला, हे मला भयंकर आवडतं, दर वेळी नव्याने आवडतं. पुढे २०२१ मध्ये लिलचा कॅप्टन म्हणून ३७ व्या वर्षी फ्रेंच लीग जिंकला, पॅरिसच्या एका पॉइंटने पुढे, ३८ मॅचमध्ये फक्त २३ गोल खाल्ले होते त्यांनी. आणि २०२४ मध्ये चाळिशीत कासा पियाशी करार.

भाच्याला ही गोष्ट जरूर सांगा, फक्त शेवटापासून सांगू नका. सालगेइरुश आणि फेल्गेइराशपासून सांगा, कारण त्याच्या वाट्याला पहिल्यांदा तेच येणार आहे. ते सोसल्यावर पुढचं साउदॅम्प्टन मिळतंच असंही नाही.

माझ्या मित्राच्या भावाला नाही मिळालं. त्याचे करार एकेका सीझनचे, ३० जूनला संपणारे. जूनमध्ये त्यांच्याकडे जेवायला गेलं की त्याचा फोन ताटाला लागून असतो आणि जेवताना कुणी काही म्हणत नाही. दोन ठिकाणी पगार तीन-तीन महिने तुंबले, एका अध्यक्षाने दर आठवड्याला बँकेचं कारण सांगितलं, दुसऱ्याने फोन उचलणंच बंद केलं. आता तो सकाळी एका गोदामात सुपरवायझर असतो. इथलं किमान वेतन २०२५ मध्ये महिना ८७० युरो होतं, क्लब त्याला त्याच्या निम्मेही देत नाही, वर जिंकलो तर बोनस आणि पेट्रोल.

मॅचहून आला की बायको त्याला दारातच थांबवते. बूट पायपुसण्यावर उलटे करायचे, मोजे तिथेच काढायचे, कारण आर्टिफिशियल टर्फचे ते काळे रबरी दाणे घरभर होतात, सोफ्याच्या फटीत, पोराच्या दप्तरात, एकदा तर मला कॉफीच्या बशीत सापडला. घोट्याला पट्टी इतकी वर्षं बांधतोय की तिथले केसच गेलेत. ग्राउंडवर माणसं असतात दीड-दोनशे, हाफटाइमला एक काकू सुकवलेल्या डुकराच्या अख्ख्या तंगडीच्या लॉटरीची तिकिटं विकत फिरतात, त्या पैशातून पुढच्या मॅचच्या बसचं भागतं म्हणे. आणि तो मागून सतत ओरडत असतो, लेफ्ट बॅकला, कीपरला, सगळ्यांना. स्पीड कधीच गेला, आता तोंडाने खेळतो असं त्याचा भाऊच म्हणतो, पण ऑफसाइडची लाइन त्याच्यासारखी धरणारा त्या लीगमध्ये मी दुसरा पाहिला नाही.

आता भाच्याबद्दल. अठरा पूर्ण होईपर्यंत पाठवू नका, एकदोन अपवाद सोडले तर फिफाचा नियमच आडवा येतो. "अकादमीत घेतो, राहायचं-खायचं बघतो, इतके पैसे भरा" म्हणणारा कुणी भेटला तर हात जोडा. जून २०२३ मध्ये इथे उत्तरेत फामालिकावजवळ एका अकादमीवर मानवी तस्करीच्या संशयावरून धाड पडली, ४७ परदेशी खेळाडू सापडले, त्यात बरेचसे अल्पवयीन. करार असेल तर तो फेडरेशनकडे नोंदवलाय का ते विचारा, आणि इथे खेळाडूंची युनियन आहे, १९७२ पासूनची, दर उन्हाळ्यात क्लब नसलेल्या खेळाडूंसाठी सराव शिबिरही घेते, काही अडलं तर तिथे जायचं. आणखी एक म्हणजे बारावी पूर्ण करू दे आणि आत्तापासून पोर्तुगीज शिकू दे, कारण सेंटर बॅकला मुक्याने खेळता येत नाही.

मित्राच्या भावाचं यंदा बाराव्या क्लबशी बोलणं चाललंय, घरापासून चाळीस किलोमीटर. त्याने त्यांना एकच गोष्ट विचारली, टोलचे पैसे पेट्रोलमध्येच धरलेत की वेगळे देणार.