मानेत काय बसवायचं: टायटॅनियम, पीक की स्वतःचं हाड?

प्रश्न: आई ६४ वर्षांची आहे. वर्षभर तिच्या हातून वस्तू सुटतात, भाकरी थापताना बोटं साथ देत नाहीत, चालताना चप्पल पायातून निसटली तरी तिला कळत नाही. एमआरआयमध्ये मानेच्या पाचव्या मणक्यामागे मज्जारज्जू दबलेला दिसला. तो मणका काढून टायटॅनियमची जाळी बसवू, असं डॉक्टर म्हणतात. पुण्याचे मामा म्हणतात, ‘पीक’ नावाच्या प्लास्टिकचा केज (मणक्याच्या जागी बसवायची पोकळ चौकट) घ्या, तो जास्त आधुनिक. कोणाचं ऐकावं? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: आधी तारीख नक्की करा, मग सामानाचं बोला. निसटलेली चप्पल न कळणं हे मज्जारज्जू दबल्याचं जुनं, ओळखीचं लक्षण आहे. आईंच्या बोटांत पुन्हा जोर आला, तर तो दाब सुटल्यामुळे येईल. आत जाळी कुठली बसवली, याच्याशी त्याचा फारसा संबंध नाही. वेगवेगळ्या सामानांची तुलना करणाऱ्या बऱ्याच अभ्यासांत नसांची सुधारणा जवळपास सारखीच दिसते.

मग सामानाने फरक कशात पडतो? मणका काढल्यावर जी पोकळी उरते तिची उंची धरून ठेवायची, एवढंच केजचं काम. त्याच्या पोटात हाडाचा चुरा भरलेला असतो. तो वरच्या आणि खालच्या मणक्याशी जुळून एकसंध हाड झालं की भार ते हाड घेतं. तोवर केजने खाली दबायचं नाही.

टायटॅनियमची जाळी इथेच थोडी अडचणीची ठरते. ताठपणा मोजला तर टायटॅनियम साधारण ११० गिगापास्कल, हाडाचं कठीण कवच १५च्या आसपास आणि पीक हे प्लास्टिक ३ ते ४. मणक्याच्या आतलं हाड तर कवचापेक्षाही कितीतरी मऊ. त्यात जाळी कापून बसवतात, त्यामुळे तिची कड धारदार असते. पुळणीच्या वाळूत तांब्या उपडा दाबला की त्याचा काठ जसा रुततो, तशी ही कड ठिसूळ मणक्यात रुतते. दोन-तीन मिलिमीटर रुतल्याने बहुतेकांना काही जाणवत नाही. जास्त रुतली तर मान पुढे झुकते, कधी पुन्हा दाबही येतो.

पीक हाडाच्या मानाने मवाळ, शिवाय एक्स-रेत ते दिसत नाही. त्यामुळे आत हाड धरतंय की नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट दिसतं. पण हाड पीकला चिकटत नाही, मध्ये तंतूंचा पातळ थर राहतो. टायटॅनियमला मात्र हाड घट्ट धरतं. १९५२ साली स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या संशोधकांनी सशाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं, ते नंतर हाडातून सुटेचना. दातांचे इम्प्लांट त्यातूनच आले. हाडातलं खनिज आणि नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक एकत्र करून चीनमध्ये केलेल्या केजचे निकालही चांगले आहेत. तो जाळीपेक्षा कमी रुततो, पण हातापायांतली सुधारणा जाळीइतकीच.

माझं मत विचाराल तर, दोन मणक्यांमधली नुसती एक गादी काढायची असती तर मी पीक निवडलं असतं. पूर्ण मणका काढायचा असेल तर जाळी आणि पुढून पट्टी-स्क्रू ही चांगली, पारखलेली रीत आहे. मामांच्या सांगण्यावरून ती बदलू नका. डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा: हाडांच्या ठिसूळपणाची डेक्सा तपासणी झाली का, आणि जाळीच्या तोंडाला रुंद कडं बसवणार का. ज्यांच्या हातात जी वस्तू रोजची आहे, ती त्यांच्याकडून अधिक नीट बसते.

प्रश्न: माझा सगळा दिवस खाऱ्या पाण्यात जातो. होडीवरचे खिळेसुद्धा गंजतात, मग मानेतली पट्टी किती टिकेल? रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढायला कधी जाता येईल? (एक मच्छीमार, मालवण)

उत्तर: तुमची शंका रास्त आहे. समुद्राचं पाणी पट्टीपर्यंत पोचत नाही हे खरं, पण शरीरातलं पाणीही खारटच असतं. टायटॅनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा अतिशय पातळ, चिवट थर धरतो आणि ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा तयार होतो. म्हणून समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांतही हा धातू वापरतात. तुमची पट्टी गंजणार नाही.

भीती आहे ती घाईची. हाड जुळायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात, काहींना वर्ष. रापणीचा दोर ओढताना मान, खांदा, पाठ सगळं एकदम ताणलं जातं. हाड धरण्याआधी हा झटका बसला तर स्क्रू सैल होतात. जखम पूर्ण भरेपर्यंत समुद्रात उतरू नका. मासेमारीची जाळी निवडणं, हिशेब बघणं अशी बसून करायची कामं डॉक्टरांना विचारून लवकर सुरू करता येतील. दोराला हात मात्र एक्स-रे पाहून डॉक्टरांनी ‘हो’ म्हटल्यावरच.

प्रश्न: बाहेरचं काही नको वाटतं. कमरेचं स्वतःचं हाड काढून बसवतात म्हणे? मी मिश्री लावते, त्याचा काही संबंध आहे का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर: बसवतात. १९५८ साली स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी मानेच्या पुढून गादी काढायची पद्धत मांडली, तेव्हा कमरेचंच हाड वापरलं होतं. हाड जुळण्याच्या बाबतीत त्याला आजही तोड नाही. पण जिथून ते काढतात ती जागा काहींना महिनोन्‌महिने दुखते. कित्येकांची मानेबद्दल तक्रार नसते, कमरेबद्दल असते. केज आले त्याचं हे एक मोठं कारण.

आणि मिश्री म्हणजे तंबाखूच, ताई. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. स्वतःचं हाड असो वा महागडा केज, न जुळण्याचा धोका वाढतोच. आपल्याकडे डॉक्टर ‘सिगारेट ओढता का?’ विचारतात, बायका ‘नाही’ म्हणतात आणि मिश्रीचा विषयच निघत नाही. तुम्ही स्वतःहून सांगा. शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीपासून हाड जुळेपर्यंत डबी घरात ठेवू नका.

प्रश्न: मानेत धातू असल्यावर पुढे एमआरआय करता येतो का? आणि बिलात ‘इम्प्लांट’ एवढंच लिहिलंय, ते कसं तपासायचं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, एमआरआय करता येतो. पट्टीच्या आजूबाजूचं चित्र थोडं धूसर येतं, इतकंच. कोबाल्ट-क्रोमची कृत्रिम गादी असेल तर जास्त. तपासणीआधी तिथल्या माणसाला सांगायला विसरू नका.

बिलाचं म्हणाल, तर प्रत्येक इम्प्लांटच्या खोक्यात छोटे स्टिकर असतात. त्यांवर कंपनी, माप, धातू आणि लॉट नंबर छापलेला असतो. ते केसपेपरवर चिकटवतात. डिस्चार्जच्या कागदावरही एक संच मागून घ्या आणि बिलातल्या नगांशी ताडून बघा. महात्मा फुले योजनेतून शस्त्रक्रिया झाली असेल, तर इम्प्लांटचे वेगळे पैसे देण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. स्टिकर लावलेल्या कागदाचा मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. पुढे कधी स्क्रू काढायची वेळ आली, तर कुठला स्क्रू-ड्रायव्हर लागेल हे त्यावरूनच कळतं.