तुमचे प्रश्न : पावसाचं पाणी, गटाराची जाळी आणि गळणारे स्वयंसेवक

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या भागातल्या काही जणांनी मिळून पावसाळी गटारं आणि नाल्याकाठची हिरवी पट्टी सांभाळायचा ग्रुप सुरू केलाय. पहिल्या रविवारी एवढी माणसं आली की झाडू कमी पडले, फोटो काढले, बॅनर लागला. आता दर वेळी तेच चार-पाच चेहरे असतात, बाकीचे ग्रुपवर अंगठा टाकतात आणि येत नाहीत. लोकांना आस्थाच नाही का? आणि अजून एक, आम्ही कचरा उचलून पाण्यात नेमका काय फरक पडतो असं कोणी विचारलं तर आम्हाला धड सांगता येत नाही.

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण माझ्या मते पहिल्याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

रस्त्यावर पडलेला पाऊस जाळीतून गटारात जातो आणि तिथून पुढे त्याच्यावर प्रक्रिया होते असं बऱ्याच लोकांना मनापासून वाटत असतं. खूप शहरांत तसं नसतं. घरातल्या सांडपाण्याची लाइन वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी, आणि ही पावसाची लाइन सरळ नाल्यात, नदीत नाहीतर तलावात जाऊन उघडते, मध्ये काहीही नाही. काही जुन्या शहरांत दोन्ही पाणी एकाच लाइनीतून जातं, पण तिथेही जोराचा पाऊस आला की लाइन भरते आणि सगळं मिसळून नदीत सुटतं. म्हणजे कसंही बघा, जे रस्त्यावर पडलंय ते एक दिवस पाण्यात जाणारच.

आणि रस्त्यावर पडलेलं असतं काय? गाड्यांचं गळलेलं ऑइल, ब्रेक घासून पडलेली तांब्याची बारीक पूड, टायरचे कण, बांधकामाची माती, कुत्र्याची शी आणि झाडांची पानं. पानांचं नाव काढलं की लोक चमकतात, अहो पानं तर नैसर्गिक ना! बरोबर, झाडाखाली मातीत पडली तर खतच आहेत ती. पण डांबरावर पडून भिजली की चहापत्तीसारखा अर्क सुटतो, त्यातून फॉस्फरस पाण्यात उतरतो आणि तलावात शेवाळ माजतं. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरात हे नीट मोजलं गेलंय, 2016 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पानगळीच्या दिवसांत पावसाआधी रस्त्यावरची पानं उचलली तर त्या काळात वाहून जाणारा फॉस्फरस 80 टक्क्यांहून जास्त कमी झाला. नुसता रस्ता साफ ठेवून! कुठलंही मशीन पाण्यात न टाकता. ते शहर थंडीचं, एकदम पानं गळणारं, तेव्हा तोच आकडा सगळीकडे येईल असं नाही, पण पानं वेळेत उचलायची हे तत्त्व सगळीकडे लागू आहे.

इथे ‘वेळेत’ हा शब्द महत्त्वाचा आहे. बरेच दिवस कोरडे गेले की घाण साचत राहते आणि मग पावसाचं पहिलं पाणी त्यातला मोठा भाग एकदम धुऊन नेतं. म्हणून पाऊस पडून गेल्यावरच्या रविवारी केलेल्या सफाईने रस्ता छान दिसतो पण पाण्याच्या दृष्टीने उशीर झालेला असतो, आणि पाऊस यायच्या आदल्या संध्याकाळी एका माणसानं अर्धा तास दिला तर त्याचा उपयोग त्या सगळ्या गर्दीपेक्षा जास्त होऊ शकतो.

आता माणसांचं. ‘रविवारी सगळे या’ हा निरोप वाचून प्रत्येकाला वाटतं की इतर येतील, मी नाही गेलो तर काय अडणारे, आणि खरंच काही अडत नाही. तिथेच गळती सुरू होते. त्याला आस्था नाही असं म्हणून मोकळं होऊ नका, त्याच्या हातात त्याचं असं काही दिलंच गेलेलं नाही. तेव्हा गर्दी जमवणं थोडं बाजूला ठेवा आणि जाळ्या वाटून द्या. एके दिवशी दोघं-तिघं खडू घेऊन फिरा, भागातल्या प्रत्येक जाळीला नंबर द्या, साध्या कागदावर नकाशा काढा आणि मग घरोघरी विचारा की तुमच्या दारासमोरची ही 7 नंबरची जाळी तुम्ही बघाल का, महिन्यातून दोनदा पंधरा मिनिटं आणि पावसाचा अंदाज आला की एकदा. अमेरिकेत मिनेसोटामध्ये ‘ॲडॉप्ट अ ड्रेन’ म्हणून नेमकं हेच चालतं, लोक आपली जाळी निवडतात, तिला आवडीचं नाव देतात, किती कचरा काढला त्याची नोंद टाकतात. नाव ठेवायची कल्पना मुलांना भयंकर आवडते, आणि मुलांनी नाव ठेवलेली जाळी घरातले मोठे विसरू शकत नाहीत.

कोऑर्डिनेटरनं स्वतः झाडू मारण्यापेक्षा फोन करणं जास्त गरजेचं आहे. अंदाज बघायचा आणि नेमका मेसेज टाकायचा, ‘उद्या रात्री पाऊस आहे, 4, 7 आणि 11 नंबरवाल्यांनी आज संध्याकाळी बघून घ्या’. कोणी गावाला गेलंय का, कोणाची तब्येत बरी नाही का, त्यांच्या जाळीला बदली माणूस कोण, हे ज्याच्या डोक्यात पक्कं असतं तो माणूस ग्रुप चालवतो. आणि असा माणूस एकच असू नये, दुसरा सोबत तयार करत राहा, नाहीतर पहिला थकला की सगळंच थांबतं.

जाळीवर काम कसं करायचं तेही सांगते, कारण नवीन माणूस तिथे उभा राहून गोंधळतो. वर ओल्या पानांचा थर बसलेला असतो, त्यात रॅपर अडकलेले, तो आधी हातमोजे घालून उचलायचा. त्याखाली, कडेच्या कोपऱ्यात, काळी बारीक रेती असते, बघायला साधी वाटते पण खरा ऐवज तीच, धातू आणि ऑइल तिलाच चिकटून असतात. ती खुरप्यानं सैल करून, कडक झाडूनं जाळीपासून लांब ओढून सुपलीत घ्यायची. आत ढकलायची नाही, पाणी मारून धुवायची तर अजिबातच नाही! पानं कंपोस्टला चालतात, ती रेती मात्र बागेत टाकू नका, पिशवीत भरून पालिकेच्या कचऱ्यातच द्या. मग पिशवी साध्या वजनकाट्याला लावा आणि आकडा ग्रुपवर टाका. इतके किलो माती-कचरा या महिन्यात पाण्यात गेला नाही, हे तुम्हाला विचारणाऱ्यांना द्यायचं सरळ उत्तर आहे.

आणि हे कृपया कडक नियम म्हणून घ्या : चेंबरचं झाकण कोणीही उघडायचं नाही, आत कोणीही उतरायचं नाही, आत विषारी वायू असतात आणि माणूस क्षणात कोसळतो. तुमचं काम जाळीच्या वरचं, आतलं काम प्रशिक्षित माणसांचं आणि साधनांचं. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतामुळे लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका असतो, पायाला जखम असेल तर त्या दिवशी फक्त नोंदी लिहा. सुई किंवा काच दिसली तर चिमट्यानं उचला, लहान मुलांना तिथून लांब ठेवा.

प्रश्न : आम्हाला बागेच्या कोपऱ्यात खोलगट जागा करून त्यात पावसाचं पाणी जिरवायचं आहे, रेन गार्डन म्हणतात तसं. पण शेजारच्या लोकांचा विरोध आहे, म्हणतात डास होतील. त्यांना कसं समजवायचं?

उत्तर : त्यांची भीती चुकीची नाही, म्हणून वाद घालू नका, मोजून दाखवा. डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत उबदार हवेतसुद्धा साधारण आठवडाभर साचलेलं पाणी लागतं, आणि नीट केलेल्या रेन गार्डनमधलं पाणी एक-दोन दिवसांत जिरतं. पण ‘नीट केलेल्या’ हे महत्त्वाचं. आधी त्या जागी फूटभर खोल खड्डा खणा, एकदा पाणी भरून जिरू द्या, मग परत भरा आणि पट्टी लावून दर तासाला किती उतरलं ते लिहा, आणि हे शेजाऱ्यांना बोलावून त्यांच्यासमोर करा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर ती जागा सोडून द्या, चिकणमातीशी हट्ट करून उपयोग नाही, आणि मग शेजाऱ्यांचंच म्हणणं बरोबर होतं असं मोकळेपणी सांगा.

जागा इमारतीच्या पायापासून निदान तीन मीटर लांब हवी, खोली दहा ते वीस सेंटिमीटर पुरते, आणि जास्तीचं पाणी कुठून बाहेर जाणार ती वाट आधीच ठरवलेली हवी. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. शंभर चौरस मीटर छतावर पंचवीस मिलिमीटर पडला तर अडीच हजार लिटर येणार, मग सगळं छत या एका खड्ड्याकडे वळवायचं की थोडंच ते ठरवा.

ही कल्पना अमेरिकेत मेरीलँडमधल्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत 1990 च्या सुमारास रुजली, तिथल्या एका नव्या वसाहतीत घराघराच्या अंगणात अशा बागा केल्या. तेव्हापासून जगभर झाल्यात, आणि बंद पडल्या असतील तर बहुतेकदा देखभालीअभावी. पाणी आत येतं त्या तोंडाशी गाळ साचतो, तोंड बुजतं, पाणी बाजूनं निघून जातं आणि बाग कोरडी पडते. म्हणून लावणीच्या दिवशी रोपं लावणाऱ्यांपेक्षा नंतरची दोन वर्षं तण काढणाऱ्यांची यादी आधी भरा, आणि ती भरत नसेल तर बाग निम्मी करा. रोपं स्थानिक घ्या, दोन दिवस पाण्यात आणि नंतर कोरड्यात तग धरणारी. प्रत्येक रोपाला नावाची पाटी लावा, नाहीतर उत्साहानं आलेला नवीन माणूस तण समजून तेच उपटतो.

प्रश्न : आमच्या गल्लीत एकजण रंगाचे ब्रश आणि डबे धुऊन पाणी सरळ जाळीत ओततो. सांगितलं तर भांडायला येतो. ग्रुपमधली मुलं चिडली आहेत.

उत्तर : मुलांना आवरा, घोळक्यानं त्याच्या दारात जाऊ नका. त्याच्या ओळखीचं एकच माणूस एकदा शांतपणे जाऊन सांगू दे की हे पाणी प्रक्रियेशिवाय नाल्यात जातं, खूप जणांना हे खरंच माहीत नसतं. जाळीजवळ ‘इथून पाणी थेट नदीत जातं’ असं रंगवायची पालिकेकडून परवानगी घ्या, म्हणजे बोट एका माणसाकडे न जाता सगळ्यांनाच कळेल. तरी थांबलं नाही तर तारीख, वेळ, जागा आणि जाळीचा फोटो काढून लेखी तक्रार करा आणि तक्रारीचा नंबर जपून ठेवा. माणसाचा फोटो ग्रुपवर फिरवू नका.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना घेऊन नाल्याचं पाणी तपासता येईल का?

उत्तर : येईल, आणि जरूर करा. गढूळपणा मोजायची पारदर्शक नळी मिळते, तळाशी काळी-पांढरी तबकडी असते, पाणी हळूहळू कमी करत जायचं आणि तबकडी दिसली त्या उंचीचा आकडा लिहायचा. ती काळी-पांढरी तबकडी मुळात सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञानं 1865 मध्ये समुद्राचं पाणी किती स्वच्छ ते बघायला वापरलेल्या तबकडीवरून आली, मुलांना हे सांगितलं की ती नळी फार जपून धरतात. मोजायची जागा आणि वेळ तीच ठेवा, आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला होता का ते शेजारी लिहा, नाहीतर पावसानंतरचा गढूळ आकडा बघून कोणीतरी म्हणेल की तुमच्या कामानं पाणी उलट बिघडलं. आणि काठावरून दोरीला बांधलेल्या बादलीनं मोठ्या माणसानं पाणी काढायचं, मुलांनी काठाला जायचं नाही.