सटायरचा आणि बोकडाचा काय संबंध?

प्रश्न असा आलाय की इंग्रजीतला सटायर (म्हणजे माणसांची, समाजाची खोड काढणारं उपहासाचं लेखन) हा शब्द ग्रीक पुराणातल्या सॅटरवरून, म्हणजे त्या अर्धा माणूस अर्धा बोकड असलेल्या प्राण्यावरून आला का, आणि मराठीत त्याला विडंबन म्हटलेलं चालेल का.

तर नाही, बोकड बिचारा निर्दोष आहे. मूळ शब्द लॅटिन, सातुरा. सातुर म्हणजे गच्च भरलेलं, सॅच्युरेटेडमधला सॅच्युर तोच. लान्क्स सातुरा म्हणजे देवापुढे ठेवायचं नाना तऱ्हेच्या पहिल्या फळांनी भरलेलं ताट, असं दिओमेदेस नावाचा चौथ्या शतकातला व्याकरणकार सांगतो. तोच आणखी तीन व्युत्पत्त्या देतो, एक सारणाची, एक भलतेसलते विषय एकत्र कोंबलेल्या कायद्याची आणि एक चक्क सॅटरची. मला सरमिसळच पटते, कारण एनिअस या जुन्या रोमन कवीने आधी ज्या सातुरा लिहिल्या त्या वेगवेगळ्या छंदांतल्या, विषयांतल्या कवितांची मिसळच होत्या, टोमणे हा मुख्य उद्योग नव्हताच.

टोमणे आणले लुसिलिअस या रोमन कवीने, इ.स.पू. दुसऱ्या शतकात. पैसेवाला माणूस, सेनापती स्किपिओसारख्या बड्या लोकांत ऊठबस, त्यामुळे नावं घेऊन सोलून काढायला कोणाची भीती नाही. नंतरचा रोमन कवी होरेस त्याला गुरू मानतो पण चिमटाही काढतो, की हा एका पायावर उभा राहून तासाला 200 ओळी सांगायचा. होरेस स्वतः मुक्त झालेल्या गुलामाचा मुलगा, सांभाळून बोलणारा, आपल्या या कवितांना तो सेर्मोनेस म्हणजे गप्पाच म्हणायचा.

त्याच्याही नंतरचा रोमन कवी जुव्हेनल मात्र चिडलेला. त्याच्या तिसऱ्या सटायरमधे रोम सोडून निघालेला मित्र सांगतो की रात्री जेवायला बाहेर पडताना मृत्युपत्र करूनच निघावं, कारण वरच्या खिडक्यांतून फुटकी भांडी डोक्यावर येतात, आणि ती इतकी जड की खाली फरशीवर खूण उमटते. 'ब्रेड अँड सर्कस', म्हणजे लोकांना फक्त भाकरी आणि खेळतमाशे हवेत, हे त्याचंच, 'निरोगी शरीरात निरोगी मन' पण त्याचंच, फक्त मूळ ओळ व्यायामाची जाहिरात नाहीये, देवाकडे मागायचंच असेल तर एवढं मागा असं तो म्हणतो.

पण खरी गंमत पुढे आहे. सातुराचं स्पेलिंग नंतर वाय घालून सॅटिरा झालं आणि युरोपातल्या विद्वानांनी शतकानुशतकं बोकडच खरा धरला. 1590 च्या दशकात जोसेफ हॉल, मार्स्टन वगैरे इंग्रज कवी मुद्दाम ओबडधोबड, गुरगुरणारी भाषा वापरायचे कारण सॅटर रानटी तर सटायरही रानटीच हवी ना! इतकं वाढलं की 1599 मधे कँटरबरीचे आर्चबिशप आणि लंडनचे बिशप यांनी सटायर छापायला बंदी घातली आणि काही पुस्तकं जाळायला लावली. मग 1605 मधे कासोबाँ नावाच्या विद्वानाने पॅरिसमधे पुस्तक काढून दाखवून दिलं की ग्रीकांची सॅटर-नाटकं वेगळी आणि रोमन सातुरा वेगळी. म्हणजे क्विंटिलिअन हा रोमन वक्तृत्वशिक्षक 'सातुरा तर पूर्णपणे आमचीच', ग्रीकांची नाही, असं म्हणाला होता ते बरोबर होतं.

विडंबन म्हणाल तर जपून. मूळ कवितेची नक्कल करून केलेली थट्टा ते विडंबन, म्हणजे पॅरडी, जसं केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'मधे आहे. जुव्हेनल कुठल्या कवितेची नाही, माणसांची आणि शहराची खोड काढतो, त्याला मी उपरोधिका किंवा उपहासकाव्य म्हणेन, नाहीतर सरळ सटायर लिहा, वाचणाऱ्याला कळतं.