उजनीवर पहिल्यांदा गळ टाकताना

पहिल्याच दिवशी मरळीच्या मागे लागू नकोस. भिगवणच्या बाजूला आधी चिलापीच लागणार. मूळचा आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला, आता मालकासारखा बसलाय! चवीला मात्र वाईट नाही.

कटला की रोहू, हे तोंडावरून ओळख. कटल्याचं डोकं मोठं, तोंड वर वळलेलं, कारण तो वरच्या थरात खातो. रोहूचे ओठ जाड, झालरीसारखे. तो मधल्या पाण्यातला. मृगळ तळाशी.

शिंगटा लागला तर पाठीवरचा आणि कल्ल्यांमागचे काटे सांभाळ. मी एकदा घाईत मुठीत धरला, दोन दिवस तळहात ठणकत होता. आणि काठाजवळ लालसर पिल्लांचा घोळका वर-खाली करताना दिसला, तर तिथे गळ टाकू नकोस. खाली मरळ राखणीला असते.